नव्या झेंड्याची गाठ

टेंभुर्णीपासून आत वळलेल्या रस्त्यावरचं हे गाव. सतरा सप्टेंबरच्या पहाटे इथं सगळ्यात आधी कुणाच्या घरात दिवा लागतो, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बद्रीनाथ आबांच्या. मुक्तिसंग्रामाचा दिवस म्हणजे आबांच्या घरचा सण. दिवाळीला आबा एक वेळ उशिरा उठतील, पण या दिवशी कोंबड्याला उठवायचं काम आबांकडे.

त्याला कारणही तसंच होतं. सगळा देश पंधरा ऑगस्टला मोकळा झाला आणि आपला मराठवाडा पुढं तेरा महिने निजामाच्या टाचेखाली राहिला, हे आबा अशा त्वेषानं सांगत की ऐकणाऱ्याला ते काल सकाळीच घडल्यासारखं वाटावं. खरं तर निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या साली आबांचा जन्म. पण त्यांच्या वडिलांनी त्या दिवसांत एक तिरंगा ज्वारीच्या कणगीत, पार तळाशी दडवून ठेवला होता. रझाकार घर तपासायला आले, कणगीत काठ्या खुपसून गेले, झेंडा काही त्यांना सापडला नाही. वडिलांच्या पाठीवर मात्र जे वळ उठले ते मरेपर्यंत राहिले. लहानपणी आबा वडिलांची पाठ चोळायचे तेव्हा ते बोटाला लागायचे. देश म्हणजे काय, हे आबा त्या पाठीवर शिकले होते. पुढं फौजा आल्या, रझाकार पळाले, आणि वडिलांनी तोच झेंडा गावात उभारला. पुढं शाळा झाली तेव्हा तिथला झेंडा बांधायचा मान आपसूक या घरात आला. वडील थकल्यावर तो आबांकडे आला.

मान आला की ताठा मागोमाग येतोच. आबांची मतं पक्की होती आणि ती सांगायला ते कुणाच्या विचारण्याची वाट बघत नसत. देश हे एक घर आहे, घराला वडीलधाऱ्यांचा धाक लागतो. आताची माणसं हक्क तोंडपाठ म्हणतात आणि कर्तव्य विचारलं की घसा खाकरतात. पोरांना मोबाईलमधले सगळे खेळ येतात, आपल्याच आज्याच्या पाठीवरचे वळ त्यांना ठाऊक नसतात. यातलं कितीतरी खरंच होतं. पण आबांच्या जिभेला धार फार, आणि धार कुठं लागते ते बघायची त्यांना सवय नव्हती.

शेजारच्या गावच्या शिपायाला, कडूबाला, ती लागली होती. काही वर्षांमागं एका सव्वीस जानेवारीला त्याच्या हातून झेंडा उलटा बांधला गेला. हिरवा वर, भगवा खाली. लगेच उतरवून सरळ केला, पण तोवर फोटो निघाला होता. लोक खवळले, आणि पोलीस ठाण्यावर जाणाऱ्यांच्या पुढं आबा होते. कडूबा हात जोडून म्हणत होता, "चूक झाली मालक. बिलकुल ध्यानात न्हाई आलं."

"चूक झाली म्हननाऱ्यांनीच देश इकला," आबा म्हणाले होते.

हे वाक्य आबांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढच्या दोनतीन भाषणांत त्यांनी ते वापरलं. कडूबाचं काम सुटलं. तो बायकापोरं घेऊन जालन्याला गेला असं कानावर आलं, पण आबांनी कधी चौकशी केली नाही.

आता याच आबांची एक गोष्ट गावाला माहीत नव्हती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणसं सावलीवरून आणि आवाजावरून ओळखू यायची. रंगांचं तर सगळं मातेरं झालं होतं, भगवा काय आणि हिरवा काय, अंधारात दोन्ही मातकट. डॉक्टरचं नाव मात्र आबांनी टाकलं होतं. गावातल्या रामरावानं डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि होता तेवढाही उजेड गमावून बसला, तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. डोळे गेले हे एकदा कळलं की आंधळ्याच्या हातात झेंडा कोण देणार?

झेंडा ते बोटांनी बांधायचे. जुन्या झेंड्याचा भगव्याकडचा कोपरा उसवला होता, तो त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, जाड दोऱ्यानं टाचून दिला होता. त्या टाक्याची गाठ बोटाला लागली की भगवा सापडला. त्या एका टाक्यावर आबांचे कितीतरी झेंडे सरळ फडकले आणि गाव म्हणत राहिलं, आबांचा हात कसा अजून बराबर चालतो.

यंदा जूनमध्ये शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. सुमेधा मॅडम. माहेर भोकरदनचं, बौद्ध कुटुंब, वडीलही शिक्षकच होते. मॅडम बोलायला मऊ आणि कामाला कडक. पंधरा ऑगस्ट झाल्यावर त्यांनी जुना झेंडा उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "आबा, याचा रंग विटलाय. असा झेंडा लावता येत नाही, नियम आहे. मी नवीन आणते."

नियमापुढं आबा काय बोलणार? झेंड्याचे नियम गावाला शिकवणारे तेच. पण त्या रात्री त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. टाका गेला. आता कोपरा ओळखायचा कसा?

मनातली भीती माणूस सहसा भीती म्हणून बाहेर काढत नाही. आबांनी ती रागाच्या रूपात काढली. सरपंचाची मुदत संपलेली, म्हणून यंदा दोरी मुख्याध्यापिकांनी ओढायची असं शाळेच्या सभेत ठरत होतं. तरुण मंडळाची पोरं कुरकुरत होती. त्यांच्यात पुढं होता राधेश्याम, आबांच्या भावाचा नातू. मॅडमनी वर असंही सांगितलं की यंदा आबांच्या भाषणाआधी पोरं संविधानाची उद्देशिका वाचतील. झालं. आबा उठले.

"दोरी कुनीबी वढा," ते म्हणाले. "पन झेंड्याला हात लावनाऱ्याच्या मनात देश हाय का न्हाई, ते आधी बघावं."

मॅडमनी खाली मान घातली आणि कार्यक्रमाच्या वेळा लिहीत राहिल्या. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, हे एकट्या आबांना माहीत होतं. राधेश्यामनं मात्र ते वाक्य जपून ठेवलं.

तर त्या सतरा सप्टेंबरच्या पहाटे आबा शाळेत पोचले तेव्हा लाइट गेलेली. मॅडमनी ऑफिसचं कुलूप काढलं, नवा झेंडा टेबलावर ठेवला आणि मोबाईलचा उजेड धरला.

"तुमचं तुम्ही काम करा," आबा म्हणाले. "मला काय उजेड लागतो व्हय? हाताला सवय हाय."

मॅडम बाहेर रांगोळी काढायला गेल्या. आबांनी झेंडा हातात घेतला. नवी कोरी खादी, कडक. एक कोपरा चाचपला, दुसरा चाचपला. दोन्ही सारखे. दोन्हीकडं तीच शिवण, तोच दोर. आबांनी झेंडा खिडकीशी नेला. बाहेर नुकतं फटफटत होतं. डोळ्यापाशी धरून बघितला, लांब धरून बघितला. एक पट्टा कणभर तांबूस वाटला. वाटला की वाटायला हवा म्हणून वाटला? आबांनी देवाचं नाव घेऊन तो वर धरला, घडी घातली, घरून आणलेल्या झेंडूच्या पाकळ्या आत भरल्या, सरकगाठ मारली. पुडी ताटात ठेवून ते घरी आले, आणि स्वतःला समजावत राहिले की इतक्या वर्षांचा हात चुकत नसतो.

आंघोळ करून आबा आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले, खुंटीवरचं भगवं उपरणं ओढलं, गळ्यात टाकलं आणि चुलीपाशी आले. पुष्पाबाई चहा गाळत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि हसल्या.

"अहो, हिरवा गमचा घालून कुठं निघालात? उपरनं शेजारच्या खुंटीला हाय की."

आबांनी गळ्यातलं कापड हातात घेतलं, डोळ्याला लावलं. त्यांना ते अजूनही भगवंच दिसत होतं.

"काय झालं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई," आबा म्हणाले, शेजारच्या खुंटीवरचं उपरणं चाचपून गळ्यात टाकलं आणि चहा न घेताच बाहेर पडले.

पुडी अजून ताटात असेल, काहीतरी निमित्त काढू, परत बांधू, असं ते मनाशी घोकत होते. शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि मान वर केली. आभाळाच्या उजेडात खांबाच्या टोकाला एक काळा ठिपका दिसला. पुडी वर चढली होती. खाली पोरं रांगेत उभी राहत होती.

"आबा, इकडं या," राधेश्यामचा आवाज आला. "मोबाईल अस्सा लावलाय की खांब अन दोरी दोन्ही बराबर येतील. लाइव्ह करून राह्यलो."

"कशाला रे ते लाइव्ह?"

"आसू द्या. मॅडम पयल्यांदाच वढून राह्यल्या. काय उलटसुलट झालं तं पुरावा पायजे ना? तुम्हीच म्हनले व्हते, मनात काय हाय ते बघावं."

आता आबांना सगळं लख्ख दिसलं, डोळ्यांना नव्हे, पण दिसलं. झेंडा उलटा उघडणार. दोरी मॅडमच्या हातात असणार. गाठ कुणी बांधली हे कुणी विचारणारही नाही, कारण आबांच्या हातून अशी चूक होईल हे गावाला खरंच वाटायचं नाही. मॅडमनी मुद्दाम केलं म्हणतील. मनात देश नव्हता म्हणतील. आणि हे शब्द ज्यांनी पोरांच्या तोंडात घातले ते आबा बाजूला उपरण्यात उभे असतील. त्यांना कडूबाचे जोडलेले हात आठवले. इतक्या वर्षांत आठवले नव्हते, आज नखांसकट आठवले.

सांगावं का? थांबा, पुडी खाली घ्या, मला शंका आहे, एवढंच तर बोलायचं. पण मग शंका का, हे सांगावं लागेल. रांगेत उभं अख्खं गाव ऐकेल.

तेवढ्यात मॅडमच त्यांच्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, जरा बाजूला येता? झेंड्याचं एक बोलायचं होतं."

आबा दचकले. हिला कळलं. माझे डोळे हिला कळले. दुसरं काही त्यांच्या मनात आलंच नाही.

"मंग बोलू," ते तुटकपणे म्हणाले आणि चार पावलं मागं सरकले. भ्यालेल्या माणसाचे कान सगळ्यात आधी बंद होतात, तसं झालं.

पोरांना सावधान दिलं गेलं. मॅडम खांबाकडं गेल्या. त्यांच्या पांढऱ्या साडीची सावली खांबापाशी थांबली, हात दोरीकडं गेला. राधेश्याम मोबाईलमागं वाकला. आबांना पळून जावं असं वाटत होतं, खरंच वाटत होतं, वडिलांची शपथ. आणि पाय पळाले ते खांबाकडं.

"सोडा मॅडम," आबा म्हणाले. "मी वढतो."

त्यांनी मॅडमच्या हातातली दोरी हिसकून घेतली. त्यांच्या डोक्यात एकच होतं. दोरी माझ्या हातात असली की धरतील ते मला धरतील. मॅडमचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला, मग त्या मागं सरल्या. आबांनी डोळे मिटून झटका दिला.

ओरडा झाला नाही. पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

आबांनी डोळे उघडले. वर काहीतरी फडफडत होतं, काय ते दिसत नव्हतं. अंगावर पाकळ्या पडत होत्या. एक त्यांच्या मनगटावर पडली. राष्ट्रगीत संपेपर्यंत आबा हलले नाहीत, पण संपताच त्यांनी ती चिमटीत धरली. झेंडूची पाकळी लांबट, खरखरीत. ही गोल होती, पातळ आणि पांढरी. पांढरं त्यांना अजून दिसायचं. तगर. त्यांनी तगर बांधली नव्हती. गावात तगरीचं झाड मॅडमच्या खोलीच्या दारात होतं.

म्हणजे पुडी परत बांधली होती. म्हणजे त्यांनी बांधली ती उलटीच होती. तेच मॅडम मघाशी सांगायला आल्या होत्या.

"भारत माता की जय!" राधेश्याम ओरडला. मागून पोरांनी साथ दिली. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "आबांनी बरं केलं. ज्याचा मान त्यालाच." आबांनी मॅडमकडं बघितलं. पांढरी साडी दिसली, चेहरा दिसला नाही. त्या बाईचा चेहरा आपण जूनपासून एकदाही नीट बघितला नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

पोरांनी उद्देशिका वाचली. मग माईक आबांच्या हातात आला. सांगायची वेळ तीच होती. त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून कणगी निघाली, काठ्या निघाल्या, रझाकार निघाले, दरवर्षीच्या ओळीनं सगळं निघालं. भीती अशी की जी गोष्ट सांगायची नाही ती सोडून माणूस सगळं सांगतो. मधेच त्यांच्या तोंडी आपलं लाडकं वाक्य आलं, "चूक झाली म्हननाऱ्यांनीच", आणि तिथं ते अडखळले. लोकांना वाटलं, आबांना गहिवरून आलं. पुन्हा टाळ्या झाल्या.

दुपारी राधेश्याम पेढे घेऊन घरी आला.

"आबा, क्लिप भोकरदनपोतर गेली. हसनाबादच्या पोराईनं बी टाकली." त्यानं मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. आबांना आपलाच आवाज ऐकू आला. सोडा मॅडम, मी वढतो. तेवढंच, बाकी काही नाही. "खाली काय लिव्हलं सांगू? ज्याच्या मनात देश, त्याच्याच हातात दोरी."

पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन त्या मॅडमला काय म्हनून राह्यले लोकं, ते बी वाच की."

राधेश्यामनं ते वाचलं नाही. पुष्पाबाईंनीच सांगितलं. शेजारणीच्या मोबाईलवर त्यांनी ऐकलं होतं. मॅडमची जात काढली होती, बदली मागितली होती, एकानं त्या राहतात त्या खोलीचा पत्ता टाकला होता.

आबांच्या हातातला पेढा खाली पडला. जिला वाचवायला पुढं झालो तिलाच आगीत ढकललं, हे कळायला त्यांचा मोतीबिंदू आड आला नाही.

"राधे, ऐक," ते म्हणाले. "झेंडा मी उल्टा बांधल्ता. मला दिसत न्हाई. मॅडमनी सरळ केला. मला वाटलं आता उल्टा उघडन अन तिच्या गळ्यात पडन, म्हनून मी दोरी घेतली. तिचा मान काढायला न्हाई घेतली. तू हे समद्याईला सांग."

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. राधेश्याम जवळ सरकून दबक्या आवाजात म्हणाला, "आबा, हे पुन्हा तोंडातून काढू नका. क्लिप आता माझ्या हातात न्हाई राह्यली. अन तुम्ही उल्टा बांधला म्हनलं तं लोकं तुम्हाला सोडतीन काय? कडूबाला सोडलं व्हतं? तुम्हीच शिकवलं आबा, यात माफी न्हाई."

तो गेला. आबा भिंतीला टेकून बसले. पोरगं खोटं बोललं नव्हतं. आपण रानात सोडलेलं जनावर आज आपल्याच दारात येऊन बसलंय आणि त्याला आपला वास ओळखीचा आहे.

उन्हं कलताना आबा काठी घेऊन शाळेत गेले. झेंडा सूर्य मावळायच्या आत उतरवायचा असतो आणि तेही त्यांचंच काम होतं. ऑफिसचं दार आतून लावलेलं. आबांनी खिडकीपाशी जाऊन हाक मारली.

"मॅडम, मी बद्रीनाथ."

आत खुर्ची सरकली. दार उघडलं नाही. खिडकीतून आवाज आला, "आबा, घरी जायची हिंमत होईना. दोघं जण गाडी लावून खोलीपुढं बसलेत म्हणे. भावाला फोन केलाय, तो येऊन राह्यला."

"मॅडम, सकाळी तुम्ही परत बांधलं."

"हो. हिरवा वर होता. तुमची इज्जत जाईल म्हणून कोणाला बोलले नाही. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही ऐकलं नाही. वर दोरी पण ओढून घेतली."

आबांनी गज धरला आणि सगळं सांगितलं. टाक्याचं, गमच्याचं, दोरी का घेतली त्याचं. मग मॅडम म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, आबा? मी तर आत बसले. जे बाहेर आहेत त्यांना सांगा."

त्या रागानं बोलल्या नाहीत. राग असता तर आबांना बरं वाटलं असतं.

झेंडा उतरताना बघायला तरुण मंडळाची पोरं येतातच, त्या दिवशी जरा जास्तच आली होती. आबा खांबापाशी उभे राहिले.

"राधे, मोबाईल काढ," ते म्हणाले. "मला बोलायचं हाय."

"आबा, आसू द्या ना."

"काढ म्हनलं ना."

"हां, काढला. बोला."

आबांनी काठी खांबाला टेकवली. दोन्ही हात मोकळे झाले आणि ते आपोआप जोडले गेले. त्यांनी सांगितलं, मला दिसत नाही, झेंडा मी उलटा बांधला, मॅडमनी तो सरळ केला म्हणून गावाची लाज राहिली, दोरी मी भिऊन घेतली. मग जे दोन शब्द आयुष्यात कुणाचे मानले नव्हते ते तोंडात आले. "चूक झाली," आबा म्हणाले. "बिलकुल ध्यानात न्हाई आलं."

पोरं कुजबुजली, एकजण खोकला. आबांना समोर नुसत्या सावल्या दिसत होत्या. त्या पुढं येणार की मागं जाणार ते कळत नव्हतं. मारलं तर मारतील, वडिलांनी मार खाल्ला तसा आपणही खाऊ, असं मनाशी म्हणून बघितलं, पण भीती काही तसूभर हलली नाही. वडिलांना मारणारे परके होते.

"घेतलं का रे बराबर?" त्यांनी विचारलं.

"घेतलं आबा," राधेश्याम म्हणाला. "चला आता, घरी सोडतो."

मागं कडी वाजली. ऑफिसचं दार उघडलं होतं. मॅडमच्या चपलांचा आवाज पायरीवर आला आणि थांबला.

"आबा," त्या म्हणाल्या, "त्यानं काही घेतलं नाही. मोबाईल त्याच्या खिशातच आहे."

कुणी नाही म्हणालं नाही. राधेश्यामही नाही.

आबांना घरी जाता येत होतं. बोलायचं ते बोलून झालं होतं, ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं, आणि उद्या कुणी विचारलं तर म्हातारा बरळला म्हणून राधेश्यामनं सांभाळून घेतलंच असतं. सूर्य टेकला होता. वर झेंडा फडफडत होता, सरळ.

"मंग तुमचा काढा, मॅडम," आबा म्हणाले. "मी परत म्हनतो."

त्यांनी उपरणं सारखं केलं, काठी परत खांबाला टेकवली, हात जोडले आणि मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

"कुनीकडं बघू?"

"इकडं आबा," मॅडम म्हणाल्या. "माझ्या आवाजाकडं."